सांताक्लॉज यांस नेरहून खुले पत्र

प्रति,
श्री. सांताक्लॉज,
मु. पो. उत्तर ध्रुव

विषय : डिसेंबरात आमची पोरे गावी पाठवल्याबद्दल आभार, व त्याच ओघात काही गाऱ्हाणी.

महोदय,



आपली-आमची ओळख नाही. नेर परसोपंत हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे. इथे बर्फ पडत नाही, घरांना धुराडी नाहीत, आणि रात्री मोजे टांगून झोपण्याची रीतही नाही. मोजे मुळात घालतोच कोण? तरीही हे पत्र तुम्हालाच लिहावे लागते आहे, कारण तेहतीस कोटी देवांना जे जमले नाही ते तुम्ही दरवर्षी करून दाखवता. आमचा पोरगा घरी आणता.

गणपतीला तो आला नाही. महालक्ष्म्यांना आला नाही. दिवाळीला म्हणाला, "बाबा, या आठवड्यात रिलीज आहे." त्याच्या आजीच्या वर्षश्राद्धाला त्याने मोबाइलच्या पडद्यावरून हात जोडले, तेही भटजींनी दोनदा आठवण केल्यावर. पण तुमचा 25 डिसेंबर जवळ आला की त्याच्या कंपनीला टाळे लागते, नातवंडांच्या शाळेला सुटी लागते, आणि टेक्सासातून निघालेले आमचे कुटुंब दोहामार्गे नागपूरला उतरते. एवढी ताकद आमच्या कुलदैवतात नाही. त्याने नाराज होऊ नये म्हणून हे वाक्य मी हळू आवाजात लिहिले आहे.

त्यामुळे आमच्या घरी दिवाळी आता तुमच्या सोयीने होते. आश्विनात चार पणत्या लावतो, लोकांनी नावे ठेवू नयेत एवढ्यापुरत्या. खरा फराळ डिसेंबरात. सौभाग्यवती तेव्हा चकल्या तळते, अनारशाचे पीठ भिजवते, आणि शेजारीण भिंतीवरून विचारते, "काय व माय, आता कायची दिवाई?" लेक दारव्ह्याहून भाऊबीज घेऊन येते. या खेपेला ती ओवाळणी पौषात पडली. ज्या महिन्यात लोक नवी चप्पल घ्यायलाही कचरतात, त्या महिन्यात बहिणीने भावाला ओवाळले. पंचांगकर्त्यांनी आता तुमची परवानगी घेऊन नवे सण छापावेत, असे माझे मत झाले आहे.

प्रवासाबद्दल तुमचे कौतुक वाटते. एका रात्रीत तुम्ही जगभर हिंडता म्हणे. नेरला येऊन दाखवा. विमान नागपूरपर्यंत ठीक येते. पुढे गाडी करून यवतमाळ, तिथून नेर. चार तास तर धरूनच चाला. रेल्वेचे म्हणाल, तर आमच्या भागात शकुंतला नावाची अरुंद रुळांची गाडी होती. इंग्रज काळात कापूस वाहायला टाकलेली, यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी. नेरला तिने तेव्हाही तोंड दाखवले नाही, आणि आता तर ती कुणालाच दाखवत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची पायाभरणी 2009 मध्ये झाली आणि 2024 च्या फेब्रुवारीत गाडी कळंबपर्यंत पोचली. तेवढ्या काळात पोरगा पदवीधर झाला, परदेशी गेला, बाप झाला आणि त्याला टक्कल पडले. 16 एप्रिल 2025 पासून अमरावतीजवळ बेलोऱ्याला मुंबईचे विमान उतरू लागले, हे मात्र खरे. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या गाडीची हरणे बेलोऱ्यालाच उतरवा. पुढे लालपरी आहे. हरणांचे अर्धे तिकीट लागेल की पूर्ण, ते वाहकाला विचारा.

पोरगा घरात शिरला की गाव दोनच प्रश्न विचारते : "कधी आला?" आणि "कधी चाल्ला?" दोन्हींच्या मध्ये श्वास घ्यायलाही कुणी थांबत नाही. तो तुरीच्या शेंगा उकडून खातो, हुरडा खातो, वेचणीच्या कपाशीत उभा राहून फोटो काढतो, आणि "पीस आहे इथे" असे म्हणतो. वेचायला मजूर मिळत नाहीत म्हणून बोंडातला कापूस लोंबतो आहे. फोटोत तो फार छान दिसतो.

डिसेंबरात विदर्भात आणखी एक पाहुणे येतात, तेही तुमच्या कानावर घालतो. ते म्हणजे आमचे राज्य सरकार. 1953 च्या नागपूर कराराने ठरले की सरकारने दरवर्षी काही काळ नागपूरला येऊन बसावे, एक अधिवेशन तिथे घ्यावे. 2024 मध्ये ते 16 ते 21 डिसेंबर बसले, 2025 मध्ये 8 ते 14. सरकार आणि आमचा पोरगा यांच्यात मला काही फरक करता येत नाही. दोघांनाही इथली थंडी आवडते. दोघेही संत्री आणि हुरडा खातात. घराचे पत्रे गळतात हे दोघेही गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतात, "बघतो" म्हणतात, आणि परतीचे तिकीट काढूनच आलेले असतात. एवढेच, की पोरगा जाताना पाया पडतो.

आता जाण्याची गोष्ट. माणशी दोन बॅगा, बॅगेला तेवीस किलो. आई मुगवड्या, जवसाची चटणी, तुरीची डाळ, तिखट भरते. पोरगा बॅग काट्याला टांगतो आणि एकेक बाहेर काढतो. मागल्या खेपेला खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या, तेव्हा कळले की सुके खोबरे विमान वाहतुकीच्या नियमांत आपोआप तापणाऱ्या, धोकादायक मालात मोडते. ज्या वाट्या आमच्या मसाल्याच्या डब्यात पिढ्यान् पिढ्या शांत पडून होत्या, त्या विमानात बसल्या की पेट घेऊ शकतात. सौभाग्यवतीने वाट्या उचलल्या आणि म्हणाली, "इथं कधी पेटल्या नाईत बाप्पा."

माल आणि माणूस यांच्या येण्या-जाण्याचा हिशेब 2025 मध्ये आणखी रंगला. केंद्राने ऑगस्टात परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ केले, आणि ती माफी वाढवत 31 डिसेंबरपर्यंत नेली. म्हणजे ऐन आमच्या वेचणीच्या हंगामात अमेरिकेचा कापूस बिनशुल्क आत. आमच्या लांब धाग्याच्या कापसाला सरकारने त्या हंगामासाठी क्विंटलला 8,110 रुपये हमीभाव जाहीर केला. तो ज्याला मिळाला त्याने पेढे वाटावेत. उलट्या दिशेला अमेरिकेने सप्टेंबरात एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जामागे कंपनीने एक लाख डॉलर भरावेत असे फर्मान काढले. तिकडचा कापूस बिनशुल्क आला आणि इकडचा पोरगा लाख डॉलरला गेला. आमच्या मालाला एवढा भाव पहिल्यांदाच आला, पण पैसे आमच्या हाती नाहीत.

पुढे 15 डिसेंबरपासून या व्हिसाच्या अर्जदारांची समाजमाध्यमे तपासायची ठरली आणि सुटीत इकडे आलेल्या अनेकांच्या व्हिसाच्या मुलाखती मार्चवर, कुणाच्या त्याहून पुढे गेल्या. आमच्या गल्लीतलाही एक पोरगा असा अडकला. बायको-मुले तिकडे, तो इथे, आणि नोकरी टांगणीला. त्याची आई लोकांसमोर डोळ्याला पदर लावते. पण घरात तिने अर्धा किलो जास्तीची बेसनवडी थापली, हे मला पक्के ठाऊक आहे. अमेरिकेच्या सरकारला नेरमध्ये मिळालेला हा बहुधा एकमेव आशीर्वाद असावा.

तुम्हाला हे कळेल, कारण तुम्ही तरी कुठे गावी राहिलात? मूळचे तुम्ही आजच्या तुर्कस्तानातले, मायरा गावचे बिशप निकोलस. 1087 मध्ये खलाशांनी तुमच्या अस्थी इटलीत बारीला नेल्या. नाव डच लोकांबरोबर न्यूयॉर्कला गेले, आणि पत्ता उत्तर ध्रुवाचा. मायरात कुणी म्हातारे तुमची वाट पाहत असेल, तर तिथे तुम्ही कोणत्या सणाला जाता?

आता मागणी एकच. तुमची हरणे गाडी ओढतात, पण त्यांचा सण कुठे ऐकला नाही. आमच्याकडे ओढणाऱ्या जनावराचा सण असतो, पोळा. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात आणि त्याला सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बैल येतो, कारण त्याला मनुष्यबळ विभाग नसतो. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लेकरे लाकडी बैल ओढत दारोदार जातात. आमच्या नातवाचा बैल माळ्यावर आहे, त्याची चाके अजून रस्त्याला लागलेली नाहीत. पोळा श्रावणी अमावस्येला येतो, आणि त्या दिवशी टेक्सासात सहसा सुटी नसते. तुमचे तिथल्या कंपन्यांत वजन आहे, एक शब्द टाका.

आणि हे पत्र तुमच्या पत्त्यावर जाताना वाटेत आमच्या पोरांनी उघडलेच, तर त्यांच्यासाठी चार ओळी :

बाबांनो, डिसेंबरात येता, बरे वाटते. फराळ करूच. पण ती सुटी तुम्हाला सांताक्लॉज देतो. ती आमच्यासाठी घेतलेली नसते. एकदा पोळ्याला या. साहेबासमोर उभे राहा, रजा मागा, नाही म्हणाला तर बिनपगारी घ्या. येताना काही आणू नका. चार दिवसच राहिलात तरी चालेल. मागून घेतलेली रजा कोणती आणि आयती मिळालेली कोणती, हे आईला न सांगता कळते.

कळावे,
आपला नम्र,
एक बाप
नेर परसोपंत, जि. यवतमाळ