मंदिरासमोरची उलाढाल

सॉल्ट लेक सिटीतले मॉर्मन मंदिर बांधायला 40 वर्षे लागली. 1893 साली ते पुरे झाले. समोरचा सिटी क्रीक मॉल मॉर्मन चर्चने त्या मानाने चुटकीसरशी उठवला. मार्च 2012 मध्ये फीत कापताना चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी शर्यत सोडावी तसे ‘एक, दोन, तीन’ म्हणत लोकांना खरेदीला सोडले. उघडमीट होणारे काचेचे छप्पर काय, मासे सोडलेला कृत्रिम ओढा काय! भाविक चर्चला देतात त्या उत्पन्नाच्या दशमांशातला पैसा यात नाही, हे तर गुंतवणुकीचे उत्पन्न, असे चर्च सांगते. (मुद्दल कुठून आले, हे विचारणे पाखंड.) रविवारी मात्र दुकाने बंद. गल्ल्याला आठवड्याची सुट्टी देणारा मॉलमालक विरळाच. तेवढे श्रेय चर्चला द्यायलाच हवे.