पायाखालची साखर

मे २०२५मध्ये जयपूरच्या काही मिठाईवाल्यांनी शेजारी राष्ट्राला चांगलाच धडा शिकवला. ‘मैसूर पाक’मधला ‘पाक’ त्यांना खुपू लागला. मग मैसूर पाकचा मैसूर श्री झाला, मोती पाकचा मोती श्री आणि गोंद पाकचा गोंद श्री. साखर कमी केल्याची बातमी मात्र कुठं आली नाही. शत्रू सीमेपलीकडचा असला की आपण लगेच ओळखतो. ताटातला ओळखायला वेळ लागतो.

त्याच महिन्यात सीबीएसईनं शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कशात किती साखर असते, ती किती खावी, हे पोरांनी वाचावं म्हणून. आता वर्गाबाहेर शुगर बोर्ड आणि वर्गात वाढदिवसाची चॉकलेटं, असा दुहेरी अभ्यासक्रम सुरू आहे. आपल्याकडे जागृती म्हटली की पाटी लागते. पाटी लागली की फोटो निघतो. फोटो निघाला की जागृती झाली.

जागृतीचा मोठा सण १४ नोव्हेंबरला. इन्शुलिनच्या शोधातले फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस, म्हणून जागतिक मधुमेह दिन. पंडित नेहरूंचाही हाच, म्हणून बालदिन. सकाळी निळ्या टोप्या घालून मधुमेहाविरुद्ध रॅली, दुपारी मुलांना खाऊवाटप. रॅलीत चालतात कोण? ज्यांना रोजच चालायची सवय आहे ते. मार्ग कोणता? जिथं चार पॅथॉलॉजी लॅब आधीच आहेत तो. जाग्या माणसाला पुन्हा पुन्हा हलवून उठवण्याचा हा कार्यक्रम दरवर्षी यशस्वी होतो.

शहरी माणसाला सगळंच ठाऊक असतं. फास्टिंग, पीपी, तीन महिन्यांची सरासरी, सगळं तोंडपाठ. त्याची शुगर कधी वाढलेली नसते, ती फक्त ‘बॉर्डरवर’ असते. जवानासारखी वर्षानुवर्षं तिथंच तैनात. हा माणूस चहा बिनसाखरेचा मागतो आणि सोबत श्रावणातलं घेवर घेतो. ‘सणासुदीला नाही म्हणू नये’ हे एकच पथ्य तो आयुष्यभर निष्ठेनं पाळतो.

गावाचं तसं नाही. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथं आयसीएमआरच्या पाहणीत लोकांना विचारलं होतं, मधुमेह नावाचा आजार ऐकलाय का? २०१४मध्ये छापून आलेलं उत्तर असं: शहरांत ५८.४ टक्क्यांनी ऐकला होता, गावांत ३६.८ टक्क्यांनी. उरलेल्यांना नुसतं नावसुद्धा माहीत नव्हतं.

आजारानं मात्र ओळखीची वाट पाहिली नाही. याच पाहणीचे देशभरचे आकडे २०२३मध्ये आले. मधुमेही १० कोटींहून जास्त. शहरांत १६.४ टक्के, गावांत ८.९ टक्के. इथवर वाचून गावानं सुस्कारा सोडायला हरकत नव्हती. पण पुढची ओळ मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची होती: शहरांत १५.४ टक्के, गावांत १५.२. रस्ता, नळ, डॉक्टर यांत गाव अजून मागं आहे. उंबरठ्यावर मात्र त्यानं शहराला गाठलं.

गावातला समज असा की शुगर सुटलेल्या पोटाच्या शेठजीला होते, आपल्यासारख्या काटकुळ्यांना काय होतंय! पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी या समजाचं उत्तर २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका फोटोनं दिलं. फोटोत दोघं शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणं हा आपल्याकडे नुसता देखावा असू शकतो. पुण्याजवळच्या खेड्यांत तर याज्ञिकांना जेमतेम पावणेतीन किलोची बाळंही हडकुळी आणि तरी चरबी राखून असलेली आढळली. म्हणजे शेठजी व्हायची तयारी पाळण्यातच सुरू.

राजस्थाननं शास्त्राला दिलेला एक भन्नाट दाखलाही आपण असाच वाया घालवला. बिकानेरच्या संशोधकांनी २००७मध्ये लिहिलं की उंटिणीचं दूध पिणाऱ्या राइका समाजात त्यांना मधुमेह आढळला नाही. झालं! आता हे दूध पाकिटातून आणि भुकटीच्या डब्यातून शहरात घरपोच येतं. राइका पिढ्यान्‌पिढ्या उंटांमागं रानोमाळ चालत आले, हा भाग डब्यात मावला नाही. आपण दूध तेवढं उचललं, चालणं उंटाकडेच ठेवलं.

आणि पायांचा विषय निघाला की जयपूरला दंडवत घालावाच लागतो. १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि सवाई मानसिंह रुग्णालयातले डॉ. पी. के. सेठी यांनी रबराचा ‘जयपूर फूट’ घडवला. १९७५पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो फुकट बसवते. या पायाची मोठी खुबी म्हणजे बुटाची गरज नाही. तो लावून अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, शेतात उतरता येतं.

आता गंमत बघा. ज्याच्या पायाची संवेदना मधुमेहानं घालवली आहे, त्यानं अनवाणी चालायचं नसतं. काटा टोचला तरी कळत नाही, तापलेल्या फरशीनं फोड आला तरी कळत नाही. जखम चिघळते, वर सरकते आणि एक दिवस पाय कापावा लागतो. तरी फाल्गुनात राजस्थानात खाटूश्यामजीच्या वाटेवर आणि आपल्याकडे शिर्डीच्या वाटेवर असे कितीतरी तळवे अनवाणी निघतात. देवानं दिलेल्या पायानं अनवाणी चालायची बंदी आणि जयपूरनं दिलेल्या पायानं खुशाल चाला!

राजस्थानात २ ऑक्टोबर २०११पासून सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात. पुढचा पायही मोफत. म्हणजे सुरुवात फुकट आणि शेवटही फुकट. मधल्या मधे पाय वाचवायला जे लागतं, तेही काही महाग नाही: रोज तळवे निरखून बघणं, मऊ चप्पल, आणि वर्षातून एकदा डॉक्टरांनी नायलॉनचा एक साधा दोरा तळव्याला टेकवून विचारायचं, ‘लागतंय का?’

पण या दोऱ्याला उद्घाटन नाही. फीत कापायला मंत्री येतात, कृत्रिम पाय वाटायला पाहुणे येतात, कारण तिथं टाळ्या वाजतात. न कापलेल्या पायाचा सत्कार कोण करणार? तो आपला चपलेत गपचूप असतो.

तेव्हा पुढच्या खेपेला दवाखान्यात आकडे सांगून झाले की चपला काढा आणि म्हणा, ‘डॉक्टर, जरा पाय बघा.’ ते ‘कशाला?’ म्हणाले, तर यंदाची रॅली थेट त्यांच्याच दारातून काढा.