रॅक बदलावा लागेल!

महाराष्ट्रात विश्वासू माणसांची एक उतरती भाजणी आहे. विश्वासू दूधवाला रोज दारात येतो. विश्वासू डॉक्टर ओळखीतून मिळतो. विश्वासू बिल्डर मिळाल्याच्या अफवा अधूनमधून उठतात. विश्वासू मेकॅनिकचं नाव काढलं की मात्र समोरचा उसासा सोडून म्हणतो, "होता हो एक. सोन्यासारखा माणूस. गावी गेला, आंब्याची बाग बघतो आता." राज्यातले सगळे प्रामाणिक मेकॅनिक सध्या कोकणात कलमांना खत घालत असणार.

ही उणीव भासते ती पार्किंगमधल्या फरशीवर तांबूस डाग उमटला की. डाग आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना दिसतो. मालकाला तो नंतर, नोटिशीतून कळतो. मग पंच जमतात. एक जण खात्रीने सांगतो, "एसीचं पाणी आहे." एसीचं पाणी तांबडं आणि बुळबुळीत कसं, हे विचारायचं नसतं, ते कमिटीवर आहेत. दुसरे गृहस्थ 1978 सालच्या आपल्या फियाटवर येतात. तिला पॉवर स्टेअरिंग नव्हतंच, म्हणून ते कधी गळलं नाही. या युक्तिवादाला आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

वास्तविक डाग पॉवर स्टेअरिंगच्या तेलाचा असतो आणि त्या यंत्रात गूढ काही नाही. 1951 साली क्रायस्लरने आपल्या इम्पीरियल गाडीत ते विक्रीला आणलं, म्हणजे त्याचं वय आता निवृत्त मामलेदारापेक्षा जास्त आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबाने चाकं वळवणाऱ्या रॅकमध्ये ढकलतो, ते तेल आतल्या पिस्टनला हव्या त्या बाजूला रेटतं आणि काम उरकलं की परतीच्या नळीने डबीत येतं. डबी, पंप, दाबाची नळी, रॅक, परतीची नळी, एवढाच संसार. गळून गळून गळणार कुठे? नळीची क्लिप सैल होते, इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होऊन चिरतं, जोडातला वॉशर दबतो, पंपाचं सील जातं, नाहीतर रॅकचं सील जातं. यातल्या बहुतेक दुरुस्त्या शेकड्यांत बसतात. रॅक हजारांत जातो. पुढची सगळी कथा या एका फरकातून जन्मते.

कारण इथे न्यूटन मेकॅनिकच्या मदतीला धावतो. तेल खाली वाहतं. वरची नळी पाझरली तरी तेल ओघळत रॅकवर येतं, वाऱ्याने मागे पसरतं आणि रॅक न्हाऊन निघतो. गाडी रॅम्पवर चढते, खालून टॉर्च पडतो आणि सगळ्यांत खालची ओली वस्तू आरोपी ठरते. हवालदाराने दंगलीच्या ठिकाणी शेवटी पोचलेल्या माणसाला धरावं, तसा रॅक धरला जातो. कागदावर लिहिलं जातं : "रॅक बदलावा लागेल."

निदान खरोखर करायचं तर त्याला उपकरण काय लागतं? रॉकेल किंवा डिग्रीझर, एक फडकं, एक टॉर्च आणि फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा. आधी सगळं धुऊन कोरडं करायचं. पुठ्ठा खाली सरकवायचा. इंजिन चालू करून एकाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायचं (टोकाला दाबून धरायचं नाही, पंपाचा जीव जातो) आणि दुसऱ्याने वरून खाली बघत यायचं. सगळ्यांत वरची ताजी ओल, तिथे चोर. रॅकबद्दल संशय असेलच तर त्याच्या टोकाच्या रबरी बूटची क्लिप सोडायची. आतून तेल भळभळलं तर रॅकचं सील खरंच गेलंय. बूट आतून कोरडा असेल तर रॅक निर्दोष आहे, त्याला सन्मानाने सोडून द्या.

पण वातानुकूलित स्वागतकक्षात, जिथे टॅब हातात घेतलेला ॲडव्हायजर तुम्हाला 'सर' म्हणतो, तिथे पुठ्ठा नसतो. "सर, आम्ही रिपेअर करत नाही, रिप्लेस करतो. पूर्ण ॲसेंब्ली येते." नुसतं सील मिळेल का? "सर, सिस्टिममध्ये पार्ट नंबरच नाही." सिस्टिममध्ये नसलेली वस्तू विश्वात नसते. मात्र तेल गळतं म्हणून आलेल्या माणसाच्या जॉब कार्डावर एसीचं निर्जंतुकीकरण आणि पॉलिश आपोआप चढलेलं असतं.

नाक्यावरच्या गॅरेजचं तत्त्वज्ञान याच्या नेमकं उलट. "काय होत नाही साहेब, टॉपअप मारा, चालतंय तोवर चालवा." मग पत्र्याच्या डब्यातलं लाल तेल ओतलं जातं. बऱ्याच गाड्यांना ते लाल तेल चालतंही. होंडा मात्र आपलं वेगळं तेल मागते, आणि चुकीच्या तेलाने आज टिकलेलं सील उद्या फुगतं. पण डबीच्या झाकणावर काय छापलंय ते वाचणं हा उस्तादांचा अपमान असतो. चालवत राहिलात तर तेल संपतं, पंप कोरडा फिरून रडायला लागतो आणि तीनशेच्या नळीच्या जागी पंपाचं बिल येतं.

एका परिचितांच्या बिलात तर 'पॉवर स्टेअरिंग ऑइल, एक लिटर' अशी ओळ होती. गाडी स्विफ्ट. तिचं स्टेअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. त्यात तेल नसतं, डबी नसते, पंप नसतो. ते लिटरभर तेल घातलं कुठे, हा प्रश्न अध्यात्मात मोडतो.

नुसतं सील न देणाऱ्या कंपन्यांना हात लावायला कुणी धजत नाही, असं नाही. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. अपील हा आपल्याकडचा सगळ्यांत टिकाऊ सुटा भाग.

पण दोष सगळा कंपन्यांच्या आणि गॅरेजवाल्यांच्या माथी मारणं सोयीचं असलं तरी खरं नाही. मेकॅनिकने तासभर गाडीखाली पडून क्लिप आवळली आणि तपासणीचे तीनशे मागितले, तर पांढरपेशा ग्राहक केवढ्याने ओरडतो! "नुसतं बघायचे पैसे?" तोच ग्राहक चकचकीत खोक्यातून निघालेल्या रॅकचे वीस हजार कार्डावर निमूट देतो, कारण वस्तू दिसते. बघण्याची किंमत शून्य ठेवली की बघणं बंद होतं आणि विकणं सुरू होतं. क्लिप आवळणारा माणूस मग एक तर रॅक विकायला शिकतो, नाहीतर दुकान बंद करतो.

म्हणून पुढच्या वेळी गॅरेजात शिरताच एवढं करा. तपासणीचे किती, ते आधी विचारा आणि घासाघीस न करता द्या. गळती कुठे आहे ते धुतलेल्या गाडीवर डोळ्यांनी दाखवायला सांगा. काढलेला जुना भाग डिकीत ठेवायला सांगा, "जुना कशाला पाहिजे साहेब?" असा प्रश्न आला तर किल्ली परत मागा. आणि बिल पक्कं घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, पण "जीएसटी कशाला भरताय?" हे ऐकून खूश झालेल्यांच्या हातात तिथे दाखवायला एक चिठोरं असतं, त्यावर 'स्टेरिंग काम' असं लिहिलेलं असतं, आणि खाली सही नसते.