हट्ट्याचं आरमार

हट्ट्याहून समुद्र बघायचा तर आधी परभणी गाठायची, रात्रीची देवगिरी धरायची आणि सकाळी मुंबईत उतरून विचारत विचारत किनारा शोधायचा. त्यातल्या त्यात जवळचं मोठं पाणी म्हणजे राहाटीच्या पुलाखालची पूर्णा, आणि तीही उन्हाळ्यात पुलाची लाज राखण्यापुरतीच वाहते. अशा गावात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसून मी लाकडी जहाजं बांधतो. याचं गावाला नवल नाही. नवल आहे ते जहाज पाण्यात सोडायचं नसतं याचं.

"पाण्यात सोडायचं न्हाई तर कायला करायलात, मिस्त्री?" बाकड्यावरून प्रश्न येतो.

"शोभेला."

"मग माझी मोटार शोभेची न्हाई, ती सोडायची हाय पाण्यात. तेवढी आधी भरा. हरभरा वाळायलाय."

मोटार भरणं म्हणजे जळालेली तार काढून नवी बसवणं. हे काम आणि जहाज बांधणं यांच्यात लोकांना दिसतो तेवढा फरक नाही. परदेशी कॅटलॉगांत या छंदाची हत्यारं मखमलीच्या पेटीत ठेवलेली असतात, आणि किंमत वाचून पेटी तशीच मिटावी वाटते. त्यातलं एक फळी वाकवायचं विजेचं यंत्र बघितलं, तर ती माझीच, कावीळ झाल्यासारख्या पिवळ्या मुठीची सोल्डरिंग! माझ्या ड्रॉवरमध्ये ती कित्येक वर्षं पडून होती. बारीक ड्रिल लागतं, ते आहे. जहाजाला पितळ-तांब्याचे टाचणीएवढे खिळे लागतात. तांब्याच्या तारेची तर माझ्याकडे खाण आहे. फळ्या चिकटेपर्यंत धरून ठेवायचे शिकंजे घरच्या दोरीवर वाळत होते. त्या दिवसापासून आमचे कपडे गच्चीवरून शेजाऱ्यांकडे जातात.

लाकडी खुंट्यांचा प्रश्न उरला होता. खऱ्या जहाजाच्या फळ्या बरगड्यांना ठोकताना लोखंडाबरोबर लाकडाच्या खुंट्याही वापरत. माझ्या मापात त्या सुईएवढ्या. मोटारीच्या खाचा बंद करायला आम्ही बांबूच्या कामट्या ठोकतोच. तीच कामटी चिरून काडी केली आणि सोनाराकडच्या तार ओढायच्या पोलादी पट्टीच्या एकेका लहान भोकातून ओढत नेली. सोनार म्हणाला, "आजवर या भोकातून सोनं गेलं, चांदी गेली. बांबू पहिल्यांदाच जायलाय. गिऱ्हाइकानं बघितलं तर माझं काय राहील?"

सध्या बांधतोय ते जहाज मुंबईचं आहे. ट्रिंकोमाली. इंग्रजांच्या आरमारासाठी जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून बांधलं, 1817 साली पाण्यात उतरवलं, आणि ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. आमच्याकडे मागच्या पंचवार्षिकातला पूल या पावसाळ्याला टिकेल का, यावर पैजा लागतात. या जहाजाचे नकाशे 1812 मध्ये विलायतेहून निघाले ते जावा नावाच्या जहाजातून, आणि जावाला वाटेत अमेरिकनांनी गाठून संपवलं. नकाशांची दुसरी प्रत येईपर्यंत थांबावं लागलं. माझ्या फळ्यांचं पार्सल दोनदा भलत्याच गावाला जाऊन आलं, तेव्हा मी कुरिअरवाल्याला हा इतिहास ऐकवला. तो म्हणाला, "बघा, तेव्हापासूनच हे असं हाय."

बांधणीच्या आरंभी वाडियांनी पारशी रीतीनं पठाणात, म्हणजे जहाजाच्या कण्यात, चांदीचा खिळा ठोकला होता. मी घरात चांदीचा विषय काढला. नारळावर भागलं.

माप धरलंय शहाण्णवास एक. दीडशे फुटांचा तोफांचा मजला दीड फुटावर आला, आणि साडेपाच फुटी खलाशी पाऊण इंचाच्याही आत. मूळ जहाज सागवानी असलं तरी नमुन्याला साग वापरू नये, हे माझं ठाम मत. त्याची रेघ एवढी ढोबळ, की छोट्या जहाजावर ती खलाशाच्या मांडीएवढी दिसते. मी हळदू वापरतो. पूर्वी त्याच्या फण्या करत. पोत बारीक, रंग पिवळसर. वसमतच्या हळदीच्या मुलखात ते शोभूनही दिसतं.

खरी कसोटी फळ्यांची. जहाजाचं पोट मोठं आणि पुढचं, नाळेकडचं तोंड निमुळतं. फळ्या मात्र दोन्हीकडे तेवढ्याच. त्या सरळ रुंदीच्या लावत गेलं तर पुढे एकमेकींवर चढतात. म्हणून प्रत्येक फळी टोकाकडे उतरती तासायची, कळीदार सदरा बेततात तशी. पोटाजवळ आणि नाळेजवळ कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजायचा, फळ्यांच्या संख्येनं भागायचा, आणि त्या मापानं रंधा चालवायचा. मग फळी पाण्यात भिजवायची, सोल्डरिंगच्या तापलेल्या नळीवर अलगद दाबत सरकवायची. चर्रर्र आवाज येतो, वाफ निघते आणि लाकूड एकदम ऐकायला लागतं. घाई केली की तडकतं. बाकड्यावरचे सगळे तेव्हा श्वास रोखून बघतात आणि तडकलं की एकमुखानं म्हणतात, "मोडलं!" जणू मला दिसलंच नव्हतं.

दोरांचं खातं आबांकडे आहे. आबांनी उभी हयात अंबाडीचे कासरे, दावी, चऱ्हाटं वळली. डोलकाठ्यांना ताणून धरणारा तीन इंची दोर माझ्या मापात पाऊण मिलिमीटरच्या जरा वर येतो. दुकानातला शिलाईचा दोरा तिथं बसवला तर दोरा तो दोराच दिसतो. तीन पदर वेगवेगळे एका दिशेनं पिळायचे आणि मग एकत्र करून उलट पीळ द्यायचा. प्रत्येक पदर सुटायला बघतो आणि त्या नादात बाकीच्या दोघांना आवळतो, म्हणून दोर उलगडत नाही. कॉइल गुंडाळायच्या हातमशीनला मी तीन आकडे लावले. आबांनी दोरा बोटांत धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पीळ कमी हाय. बैल तोडून जाईल." बैल नाही म्हटलं, तर म्हणाले, "मग वारं तोडील." त्यावर मला बोलायला जागा नव्हती. शेवटी दोरावरून मधाच्या पोळ्याचं मेण फिरवलं, की सुताची कुसळं बसतात.

"मराठवाड्याचा आणि जहाजाचा संबंध काय?" असं कुणी शिकलेला माणूस विचारतो, तेव्हा मी त्याला अजिंठ्याला पाठवतो. तिथं दोन नंबरच्या लेण्यात सोपाऱ्याच्या पूर्ण व्यापाऱ्याची गोष्ट रंगवली आहे आणि तीत तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे. नौदलानं अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरूनच 'कौंडिण्य' बांधवून घेतलं. बाबू शंकरन आणि केरळच्या कारागिरांनी गोव्यात त्याच्या फळ्या काथ्यानं शिवल्या. नकाशा कुठलाच नव्हता, नुसतं चित्र. आधी मद्रास आयआयटीत नमुना करून पाण्यात तपासला, आणि 21 मे 2025 रोजी कारवारला जहाज नौदलात दाखल झालं. म्हणजे नमुने पाण्यात सोडतात. ही बातमी मी बाकड्यापासून शक्य तेवढी लपवून ठेवली होती.

ती फुटली गणेश मंडळात. यंदा देखावा समुद्राचा, आणि मिस्त्रींचं जहाज हौदात, असं परस्पर ठरलं. मी साफ नाही म्हटलं: फळ्या फुगतील, डिंक सुटेल. बरीच घासाघीस होऊन समुद्र निळ्या कापडाचा करायचं ठरलं. मी खूश. अध्यक्ष उठता उठता म्हणाले, "पण लाटा हलल्या पाहिजेत, मिस्त्री. कापडाखाली एक छोटी मोटार बसवून द्या. आणि मंडळाची म्हणून बिल नका लावू."