प्रोप्रायटरचे मिस्टर

बायकोच्या हाताला चव आहे, हा शोध या गृहस्थांना लग्नानंतर तीसेक वर्षांनी लागतो, आणि तोही गिऱ्हाइकांकडून. तोवर त्यांचा अभिप्राय ‘मीठ जरा जास्त झालंय’ एवढाच. मग कधीतरी साहेब बँकेतून नाहीतर वीजमंडळातून निवृत्त होतात, इकडे काकूंच्या चकल्यांची कीर्ती चार बिल्डिंगा ओलांडते, आणि त्या घरात एक नवं सरकारी खातं उघडतं. डोंबिवली, ठाणे, पार्ले या पट्ट्यात हे लोक मुबलक. आमच्या मजल्यावरच एक आहेत. त्यांना सगळे काका म्हणतात.

निमित्त नाक्यावरच्या दुकानदाराचं. ‘‘काकू, माल ठेवतो, पण पाकिटावर तो चौदा आकडी नंबर पायजे.’’ काकू धास्तावल्या. काका खुलले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी फॉर्म भरायला सांगत होतं! अन्न सुरक्षेचा 2006 चा कायदा आणि 2011 ची परवाना-नोंदणीची नियमावली, दोन्ही छापून त्यांनी त्यांचं स्पायरल बाइंडिंग करून आणलं. काम तसं किरकोळ होतं. तेव्हाच्या नियमाने वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असली की नुसती नोंदणी पुरायची. फॉर्म ए, फोटो, ओळखपत्र, फी तेव्हा वर्षाला 100 रुपये. भाचीने मोबाइलवर चहा पिता पिता करून दिलं असतं. काकांनी त्याला पंधरवडा लावला, पाच वर्षांचे पाचशे एकदम भरले आणि उलाढाल 12 लाखांवर गेली तर काय, या काळजीने झोप घालवली. काकूंचा धंदा तेव्हा लाखालाही टेकला नव्हता.

नोंदणी अर्थातच काकूंच्या नावावर. काका त्याला ‘आमची नोंदणी’ म्हणतात. कुणी चुकून ‘लायसन’ म्हटलंच तर, ‘‘लायसन नव्हे. नोंदणी. लायसन मोठ्या उलाढालीला.’’ समोरचा चकल्या विसरून घरी जातो.

पण खरी मजा लेबलाची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, हा नियम वाचल्यावर काका वजनकाटा घेऊन ओट्याशी उभे राहिले. काकू पातळ पोह्यांचा चिवडा करत होत्या.

‘‘डाळं किती घातलंस?’’

‘‘घातलं की वाटीभर. वर मूठभर.’’

‘‘कुठली वाटी?’’

‘‘ती. सासूबाईंची.’’

काकांनी आईच्या वाटीचं वजन केलं, रिकाम्या आणि भरलेल्या. मूठ मात्र काट्यावर बसेना. कढीपत्ता फोडणीत पडल्या पडल्या वाळून हलका, मग धरायचं ते वजन आधीचं की नंतरचं? खरं तर नियमाला क्रम पुरतो, ग्रॅमचा हिशेब कुणी मागितलेला नाही. पण न मागितलेली माहिती तीन प्रतींत द्यायची सवय अंगात मुरलेली. शेवटी गाडी मिठावर आली.

‘‘चवीनुसार,’’ काकू म्हणाल्या.

‘‘लेबलवर असं चालत नाही.’’

‘‘मग तुमच्या लेबलाला चव नसेल.’’

शाकाहाराची खूण म्हणजे हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. अगदी छोट्या पाकिटावरही ठिपक्याचा व्यास 3 मिलिमीटरच्या खाली चालत नाही. रबरी शिक्का करून येईपर्यंत काका प्रत्येक ठिपका पट्टीने मोजत होते. शंकरपाळ्यांचा दुसरा घाणा उतरला तरी पहिल्याचे ठिपके चाललेच होते.

एक मात्र म्हटलं पाहिजे, काका सगळ्याच बाबतीत चुकीचे नाहीत. काकू तळण वर्तमानपत्रावर निथळत ठेवायच्या, आपल्या सगळ्यांच्या आयांसारख्या. 2018 च्या पॅकेजिंगच्या नियमांनी अन्न वर्तमानपत्रात ठेवायला, गुंडाळायला बंदी केली. गरम तेलाने छपाईची शाई अन्नात उतरते, दुसरं काय! काकांनी रद्दी ओट्यावरून हद्दपार केली, ते उत्तम झालं. पाकिटावर ‘शेंगदाणे आहेत’ हे ठळक लिहायचा हट्टही रास्तच. शेंगदाण्याने घसा सुजणारी माणसं असतात.

पण एक नियम पटला की काका पुढचे दहा घेऊन येतात. तळणीच्या तेलातली पोलर कंपाउंड्स 25 टक्क्यांवर गेली की ते तेल बाद, असं वाचल्यावर त्यांनी ती मोजायचं यंत्र केवढ्याला पडतं याची चौकशी केली. काकू कढईवर वाकून वास घेतात आणि तेल बदलतात.

या खात्यातलं मोठं दुःख म्हणजे पाहणी. तपासणीचे साहेब कधीही येऊ शकतात म्हणून काका दिवाळीच्या महिनाभर आधीपासून इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल मांडीवर ठेवून तयार. साहेब काही येत नाहीत. बेल वाजली की काका उठतात, दारात दूधवाला.

आणि मग एका दुपारी काकूंनी ती स्पायरलची वही मागून घेतली, चष्मा लावला आणि अनुसूची 4 काढली. छोट्या उत्पादकांनी पाळायच्या स्वच्छतेची कलमं. नखं कापलेली असावीत, हात साबणाने धुवावेत वगैरे. त्यातच एक कलम होतं. अन्न हाताळताना तिथे खाणं, चघळणं, थुंकणं, नाक शिंकरणं मना. काकांना तपकिरीचा शौक. शिवाय चकलीचा पहिला घाणा निघाला की ‘क्वालिटी कंट्रोल’ म्हणून दोन उचलायच्या, आणि शंका राहू नये म्हणून तिसरी. काकूंनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली आणि पान स्वयंपाकघराच्या दारावर डकवलं.

काकांनी ते दोनदा वाचलं. पळवाट दिसेना. कलम म्हणजे कलम. तेव्हापासून खात्याचं कार्यालय हॉलमध्ये आलं, शिक्का, काटा आणि डबीसकट.

परवा अनारशांची ऑर्डर द्यायला गेलो. काकूंशी बोलावं म्हणून आत वळलो तर काका उठून आडवे आले.

‘‘आत जाता येणार नाही. उत्पादन चालू आहे. अनुसूची 4 वाचली नाहीत वाटतं?’’

आतून काकूंचा आवाज आला, ‘‘अहो, येऊ द्या त्यांना. ते तपकीर ओढत नाहीत.’’