मारहाण ठेवली, म्हणी कापल्या

'द किलर इनसाइड मी' या चित्रपटावर आजवर जी ओरड झाली, ती सगळी मारहाणीबद्दल. ती व्हायलाच हवी होती. पण खरा अन्याय वेगळाच आहे आणि त्याची दखल कोणीही घेतलेली नाही. चहा निवायच्या आत तो तुमच्या कानावर घालतो, कारण त्यात तुम्हीही बाधित आहात.

मूळ कादंबरी जिम थॉम्प्सनची, १९५२ सालची. पश्चिम टेक्ससमधलं तेलावर फुगलेलं गाव. तिथला डेप्युटी शेरीफ लू फोर्ड आपली गोष्ट आपणच सांगतो. डॉक्टरचा मुलगा, घरात बापाची भरलेली पुस्तकांची कपाटं, विरंगुळा म्हणून कॅल्क्युलसची गणितं सोडवणारा. गावाला मात्र तो भोळा, हसतमुख आणि जरासा मठ्ठ वाटतो. हाच माणूस पुढे एकामागून एक मुडदे पाडतो. पण पहिला मुडदा पडायच्या कितीतरी आधी, पहिल्याच प्रकरणात, तो एका माणसाचा छळ करतो. हत्यार कुठलं? घासून गुळगुळीत झालेल्या म्हणी.

खाणावळीचा मालक त्याचे आभार मानायला येतो. पोराला लूने वळणावर आणलेलं असतं, म्हणून. आभार मानून झाले की माणसाने सुटायला हवं. लू सुटू देत नाही. जशी कुंडी तसं रोप, ढगाआड ऊन असतंच, या धर्तीचं एकेक वाक्य तो सावकाश सोडत राहतो. मालक या पायावरून त्या पायावर होतो, त्याचे बूट करकरतात आणि लू ती करकर ऐकत असतो. त्याला ठाऊक आहे की इतक्या सज्जन माणसाला 'पुरे' म्हणता येत नाही. आतून तो हसतोय. हे आपण मुद्दाम करतो, आतल्या दुसऱ्या ओढीला आवर घालायला करतो, हेही तो वाचकाला सांगतो. प्रकरण संपता संपता रस्त्यावरच्या एका भणंगाच्या तळहातावर तो जळती सिगार दाबतो. आधी जीभ, मग हात. सगळी कादंबरी या क्रमावर उभी आहे.

आता सांगा, सिगारचा चटका आपल्यापैकी किती जणांना बसलाय? आणि बुटांची करकर? ती प्रत्येकाच्या घरची. आपण चपलेत एक पाय सरकवलेला असतो, हातात पिशवी, लिफ्ट मजल्यावर येऊन थांबलेली. आणि गृहस्थ दाराच्या चौकटीला हात टेकून म्हणतात, "शेवटी काय हो, आपल्या हातात काय असतं?" आपण हो म्हणतो. "ठेविले अनंते." पुन्हा हो. लिफ्ट खाली निघून जाते. इस्पितळात कागदपत्रांची फाइल छातीशी धरून उभं असताना कोणीतरी येऊन "होतं ते चांगल्यासाठीच" सांगून जातं. यातले सगळेच काही अजाणते नसतात. काही जण बोलताना आपल्या पायांकडे बघतात. मी त्यांना बघताना पाहिलंय.

मायकेल विंटरबॉटमने २०१० साली हा चित्रपट केला, १०९ मिनिटांचा. केसी अ‍ॅफ्लेक लूच्या भूमिकेत अप्रतिम आहे. तो कोवळा, किंचित पिचका आवाज तर म्हणी ऐकवायलाच घडवलेला. आणि पदरात काय पडतं? म्हणी तोंडी लावण्यापुरत्या. उलट तो कातडी हातमोजे चढवून आपल्या प्रेयसीला, जॉइसला मारायला लागतो, तेव्हा कॅमेरा हटायला तयार नाही. मधेमधे तो हळुवारपणे तिची माफी मागतो आणि पुन्हा मारतो. ते बघवत नाही, आणि तसं ते बघवू नये हेच योग्य. पण तिथवर आणणारी पायरीच नसल्यामुळे ही हिंसा आभाळातून पडल्यासारखी वाटते. कादंबरी वाचणाऱ्याला मात्र ती पहिल्या म्हणीपासून येताना दिसत असते.

सनडान्स महोत्सवात पहिल्या खेळानंतर एका बाईंनी उभं राहून चित्रपटाचा निषेध केला. विंटरबॉटमची बाजू अशी की हिंसा बघून धक्काच बसला पाहिजे, तिची करमणूक व्हायला नको. दोघांचंही मला पटतं. फक्त त्या बुटांसाठी कोणी उभं राहिलं नाही. डोळे मिटले की मारहाण दिसत नाही. म्हणीपुढे माणसाला तीही सोय नाही.

पडद्यावर हे जमत नाही, ही सबब चालणार नाही. बेर्त्राँ ताव्हेर्निएने थॉम्प्सनचीच 'पॉप. १२८०' ही कादंबरी उचलून फ्रेंचांच्या ताब्यातल्या पश्चिम आफ्रिकेत नेली आणि १९८१ साली 'कू द तोर्शाँ' केला. गाव बदललं, खंड बदलला, माणसांचा रंग बदलला. पण फिलिप न्वारेच्या तोंडचं ते लाघवी, गोलगोल, जीव नकोसा करणारं बोलणं सांभाळलं. म्हणून थॉम्प्सनचा सर्वांत अस्सल चित्रपट मी त्यालाच मानतो. उलट 'द किलर इनसाइड मी'वर १९७६ सालीही एक चित्रपट झाला होता. त्याने टेक्सस सोडून मोंटाना गाठलं आणि जाताना कादंबरीचं विष टेक्ससलाच ठेवलं.

या थॉम्प्सनवर तरी किती अन्याय व्हावा! स्टॅनली कुब्रिकने १९५६ च्या 'द किलिंग'साठी थॉम्प्सनला हाताशी धरलं. पडद्यावर पटकथेपुढे नाव लागलं कुब्रिकचं. थॉम्प्सनला दिले फक्त संवाद. त्याला ते फार लागलं. १९७७ साली तो गेला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशात त्याचं एकही पुस्तक छापून मिळत नव्हतं. म्हणजे हयातीत ज्याच्या वाट्याला संवाद तेवढे आले, त्याच्या मरणानंतर त्या संवादांतलाच जहरी भाग गाळून कादंबरी पडद्यावर आणायची!

तेव्हा पुढेमागे कोणी ही कादंबरी पुन्हा हातात घेणार असेल, तर मागणी एवढीच. खाणावळीचा प्रसंग पूर्ण पाच मिनिटं चालू द्यावा. संगीत नको. कॅमेरा मालकाच्या बुटांवर असावा आणि लूचा आवाज वरून येत राहावा, एकही म्हण न कापता. आणि आपल्याकडे दाखवताना थिएटरवाल्यांनी मध्यंतर नेमकं तिथे टाकू नये.