पोटापाण्याचं वाद्य

युट्रेख्तला मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, त्या बाई रेकॉर्डर वाजवतात. हौस म्हणून नव्हे, व्यवसाय म्हणून. रेकॉर्डर म्हणजे उभा धरून शिटीसारखा फुंकायचा लाकडी पावा. पुढं सात भोकं, मागं अंगठ्याचं एक. इथल्या कितीतरी लोकांनी तो लहानपणी फुंकलेला असतो, आणि बाईंच्या करिअरची खरी गोम इथंच आहे. व्हायोलिनवाल्यापुढं लोक आदरानं बसतात, कारण ते आपल्याला येत नाही याची त्यांना खात्री असते. बाईंच्या श्रोत्यांत मात्र निम्मे निवृत्त वादक. आठव्या वर्षी प्लॅस्टिकच्या रेकॉर्डरवर घरच्यांना सळो की पळो करून सोडल्याच्या अनुभवावर असा एखादा मध्यंतरात कॉफीचा कप घेऊन येतो आणि आपुलकीनं विचारतो, "सुंदर वाजवलंत हो! पण पोटापाण्यासाठी काय करता?"

बाई शिकवण्या करतात. तिथं पालक विचारतात, "आता हिला खरं वाद्य कधी सुरू करू या?"

हे खोटं वाद्य सांभाळणं किती जिकिरीचं, ते मी जिन्यातून येता-जाता पाहतो. नवा लाकडी रेकॉर्डर आणला की सुरुवातीला रोज थोडाच वेळ वाजवायचा, नाहीतर श्वासाच्या ओलीनं लाकूड फुगून चीर जाते. आतून अधूनमधून तेलाचं बोट. बाळंतिणीचीसुद्धा एवढी बडदास्त कोणी ठेवत नाही. गार वाद्यात ऊन श्वास गेला की तोंडाशी असलेल्या अरुंद फटीत पाणी धरतं आणि आवाज बसतो. म्हणून विंगेत उभ्या असताना बाई रेकॉर्डर काखेत धरून उबवतात. भारी पोशाख, गळ्यात मोत्यांचा सर आणि काखेत हेंडेल! तरीही पाणी धरलंच, तर विरामात सुर्रकन हवा उलटी ओढून घ्यायची. पहिल्या रांगेतल्या लोकांना वाटतं, बाईंना सर्दी झालीय.

बरं, वाजवायचं काय? टेलेमान, हेंडेल, विवाल्डी हे जुने संगीतकार आहेत. पुढं आडव्या बासरीनं या पाव्याला हुसकावून लावलं, आणि बेथोवन, ब्राम्स या मातबरांनी रेकॉर्डरसाठी एक ओळ लिहिली नाही. ज्यांच्या नावावर तिकिटं खपतात, नेमक्या त्यांच्याच दारात बाईंना मज्जाव. बाखनं लिहिलं, पण ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्तो क्रमांक २ मध्ये या बिचाऱ्याला ट्रंपेटच्या शेजारी उभं केलं. ते वाजवावं लागतं त्या दिवशी घरी आल्यावर बाई जेवत नाहीत.

या वाद्यावर कोणी नाव काढलंच नाही असं नाही. अॅमस्टरडॅमचे फ्रान्स ब्रुगेन एकविसाव्या वर्षी हेगच्या रॉयल कॉन्झर्वेटरीत प्राध्यापक झाले. १९६६ साली संगीतकार बेरिओनं त्यांच्यासाठी ‘जेस्टी’ लिहिलं. रेकॉर्डर पोरखेळ नाही हे जगाला त्यांच्यामुळं पटलं. मग १९८१ साली त्यांनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला आणि ते संचालक झाले. बाई हे सांगताना सुस्कारा सोडतात. आमच्या ऑफिसातला हुशार माणूस मॅनेजर झाला की उरलेले कारकून असाच सोडतात.

आमच्याच गावचे याकोब फान आइक हे बाईंचं दैवत. जन्मांध, पण केवळ एका रेकॉर्डरसाठी त्यांनी दीडशेच्या आसपास रचना करून ठेवल्या. तेही नोकरी करत होते ती चर्चच्या घंटा वाजवण्याची. १६४९ साली यान्सकेर्क या चर्चच्या मंडळींनी त्यांचा पगार ८० गिल्डरवरून १०० केला, पण एका अटीवर: संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्यांना अधूनमधून पावा ऐकवायचा.

ही गोष्ट बाई मला दर जानेवारीत कॉफी पाजून सांगतात. "त्यानंतर आमच्या धंद्यात पगारवाढ अशी झालीच नाही," असं म्हणतात आणि बशीखाली ठेवलेला वाढीव भाड्याचा कागद माझ्याकडं सरकवतात.